एल्क व्हॅलीचं ४१२ नंबरचं इंजिन

मी ४१२ बोलतोय. लांबीला वीतभर, वजनाला दोन मुठी साखरेइतका. तुम्ही मला खेळण्यातलं इंजिन म्हणाल. म्हणा. पण माझा मालक ऑरिन टेस्डाल याच्यासमोर तसं म्हणायची हॉल्बी गावात कुणाची छाती नव्हती.

कारखान्यातून मी बिनरंगाचा, काळपट अंगाचा आलो. ऑरिननं मला तळघरातल्या टेबलावर घेतलं आणि तीन रविवार खपून रंगवलं. अंग गर्द हिरवं, कमरेवर सायीच्या रंगाचा पट्टा, आणि कुशीवर पिवळ्या अक्षरांत ‘एल्क व्हॅली’. ती तो नोकरीला होता ती रेल्वे कंपनी. तिच्या हॉल्बी स्टेशनात तो मास्तर होता. त्याचा धाकटा भाऊ ड्यूएन त्याच कंपनीत ड्रायव्हर होता आणि खरं ४१२ तोच चालवायचा. रंग वाळल्यावर ड्यूएन मला बघायला तळघरात आला. मला तळहातावर घेऊन माझ्या केबिनच्या खिडकीत डोळा लावून म्हणाला, “दादा, इथं माझी बसायची जागा कुठंय? मला उभ्यानं पाठवतोस काय?”

ऑरिननं चिमट्यानं आत काडेपेटीच्या पुठ्ठ्याची एक बैठक चिकटवली. तेव्हापासून माझ्यात एक जागा रिकामी होती.

तळघरात अख्खं हॉल्बी होतं. स्टेशन, धान्याची कोठारं, लूथरन चर्च, आणि गावापासून चार मैलांवरची पाइक साइडिंग, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत बाजूला थांबायचा रूळ. ते चार मैल ऑरिननं अकरा पावलांत बसवले होते. गावात असे छंदिष्ट आणखी तिघं होते. गुरुवारी संध्याकाळी ते जमायचे, कॉफी प्यायचे, ऑरिनच्या बायकोनं, व्हर्नानं, केलेल्या खजुराच्या चौकोनी वड्या खायचे आणि माझ्या डब्यांवरून हमरीतुमरीवर यायचे.

१९६७ च्या शरद ऋतूत बातमी आली. एक नोव्हेंबरपासून एल्क व्हॅली ‘ट्रान्स-प्रेअरी’ या मोठ्या कंपनीत विलीन होणार. हिरवा रंग जाणार, निळा येणार. खऱ्या गाड्यांचं जे व्हायचं ते होईल, पण या चौघांपुढे वेगळाच पेच पडला. आपापल्या तळघरात काय करायचं?

गस हॅवलिचेक हा गावातला खाटीक. तो खुशीत होता. “आता मला हिरव्याला निळं इंजिन जोडता येईल. नावं अर्धवट खोडलेली, नंबरावर नंबर चढवलेले. अशी मजा वर्षभरच असते बाबांनो. त्यानंतर सगळं एकसारखं निळं!”

शाळेतला वेंडेल म्हणाला, “माझ्याकडे विलीनीकरण झालंच नाही. माझ्या एल्क व्हॅलीनं उलट त्यांनाच गिळलं.”

तिसऱ्याचं नाव पामर. त्यानं सगळं विकून आल्प्समधल्या गाड्या मागवल्या. म्हणाला, “निदान तिकडच्या कंपन्या तरी कुणी विकत घेणार नाही.”

ऑरिन कॉफी ढवळत होता. “माझ्याकडे ३१ ऑक्टोबर,” तो म्हणाला. “रोज. कायम.”

आणि तसंच झालं. त्यानं झाडांची पानं तांबडी केली, त्या रात्री घरोघरी ठेवतात तसे दारादारांत मोहरीच्या दाण्यांचे भोपळे ठेवले, स्टेशनातलं दिनदर्शिकेचं पान एकतीसवर चिकटवलं. त्या तारखेनंतरची एकही मोटार, एकही पाटी त्याच्या रुळांशेजारी आली नाही. माणसाला नकोशी गोष्ट थांबवता आली नाही, की तो तिची छोटीशी प्रतिकृती करून ती थांबवतो. हे मी तिथं शिकलो.

पुढचं सांगताना माझी चाकं आजही जड होतात.

१२ डिसेंबर. मंगळवार. दुपारी ऑरिन स्टेशनात ड्यूटीवर होता. तळघरात कुणी नव्हतं, दिवा नव्हता, रुळांत वीज नव्हती. मी कोठारापाशी उभा होतो. चारला वीस मिनिटं कमी असतील. आणि माझ्या केबिनमध्ये कुणीतरी चढलं.

आधी एक पाय, मग दुसरा. मी स्प्रिंगांवर किंचित कललो. ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला. काडेपेटीच्या बैठकीवर भार पडला आणि मग काहीच नाही. नुसतं कुणीतरी बसलेलं.

त्याच मिनिटाला पाइक साइडिंगच्या पलीकडे, बर्फात, खऱ्या ४१२ ला समोरून ट्रान्स-प्रेअरीची मालगाडी धडकली होती. ड्यूएन जागीच गेला.

हे मला नंतर कळलं. व्हर्ना जिन्यावर बसून रडताना बोलली तेव्हा.

चौकशी झाली. ‘पाइकला थांब’ असा हुकूम वरून आला होता, मास्तरनं तो लिहून घेतला होता, याची नोंद होती. म्हणजे कागद ड्रायव्हरला मिळाला असणार. म्हणजे ड्रायव्हरनं तो पाळला नाही. नव्या कंपनीनं कागदावर ड्यूएनचं नाव लिहिलं आणि फाइल बंद केली. त्याची बायको आयोन दोन मुलांना घेऊन वॉटर्लूला निघून गेली.

ऑरिन पुन्हा तळघरात उतरला तो मार्चमध्ये. त्यानं मला सुरू केलं. मी निघालो, वळणं घेतली, स्टेशनाजवळ आलो आणि थांबलो.

मी थांबलो नाही, मला थांबवलं. रुळांत वीज होती, माझी मोटर गुरगुरत होती, पण आतल्या माणसानं ब्रेक धरला होता. तो फलाटाकडे बघत होता. तिथं ऑरिननं चिकटवलेला इवलासा मास्तर उभा होता, हातात धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला हुकूम पोचवायची काठी, काठीच्या टोकाला कागद. आतला माणूस वाट पाहत होता. कागद तर त्या बाहुल्याच्या काठीला होता. मग कशाची वाट, ते मला कळेना.

ऑरिननं बोटानं ढकललं तेव्हा मी पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यानं रूळ घासले, तारा बदलल्या, माझी मोटर बदलली. इतर इंजिनं त्याच जागेवरून सुरळीत जायची. मीच तेवढा अडायचो. अशी सोळा वर्षं गेली. व्हर्ना दुपारी विणकाम घेऊन खाली यायची. मी थांबलो की तिच्या सुया थांबायच्या. ऑरिननं ढकललं की पुन्हा चालू.

१९८४ मध्ये ट्रान्स-प्रेअरीलाच आणखी मोठ्या कंपनीनं गिळलं. हॉल्बीचे रूळ उखडून नेले. ऑरिन निवृत्त झाला होता. गस आता थकला होता, पण जीभ तशीच होती. त्यानं मला आठवडाभर आपल्या तळघरात नेलं. तिथं मी एकदाही अडलो नाही. आतला माणूस शांत बसून होता, जसा कुणी परक्या गावातून जाताना बसतो.

मला परत आणून रुळांवर ठेवत गस म्हणाला, “इंजिनात काही बिघाड नाही रे ऑरिन. माझ्याकडे लोण्यासारखं पळत होतं. भूत असलंच तर तुझ्या स्टेशनात आहे.”

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. गस टोपी घालून निघून गेला.

व्हर्ना उठली. वर गेली. शिवणयंत्राच्या खणाचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला पिवळा कागद होता.

“ड्यूएनला पुरलं त्या दिवशी तुझा कोट मी साफ केला,” ती म्हणाली. “आतल्या खिशात होता.”

ऑरिननं कागद उघडला नाही. हातातच धरून बसला.

“लिहिलेला आठवतो,” तो म्हणाला. “दिलेला आठवत नाही. रोज आठवून बघतो. त्या गाडीसाठी दोन हुकूम आले होते. आपल्या जुन्या कंपनीत दोन्ही एकत्र काठीला लावायचे. नव्यांचा नियम वेगळा, दुसऱ्याला, म्हणजे पाइकच्या हुकमाला, वरून होकार येईपर्यंत थांबायचं. मी खिशात ठेवला. तेवढ्यात गाडी आली. एकच लावला मी. व्हर्ना, एकच लावला ना?”

“हो.”

“सोळा वर्षं तुला माहीत होतं?”

“तुझी नोकरी गेली असती. तू गेला असतास. मला एवढंच दिसत होतं.” तिनं मांडीवर विणकाम गोळा केलं, पुन्हा खाली ठेवलं. “आयोनचा विचार मी केला नाही असं नाही. करायचे आणि कुशीवर वळायचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन मोटार काढून वॉटर्लूला गेला. मी सोबत नव्हतो. दुपारी तो परतला, कोटासकट तळघरात येऊन बसला आणि व्हर्नाला सांगितलं तेवढंच मला माहीत आहे.

“दार तिनंच उघडलं. कागद वाचला. दोनदा. मग म्हणाली, ‘सोळा वर्षं मी त्याच्यावर चिडून होते, ऑरिन. त्याच्या थडग्यावर फूल ठेवताना सुद्धा. तू मला भलत्याच माणसावर चिडायला लावलंस.’ आणि दार लावून घेतलं.”

“कागद?”

“तिच्याकडेच राहिला. तिचाच आहे तो.”

मग ऑरिननं कंपनीला पत्र लिहिलं की चूक माझी, भावाच्या नावावरचा डाग पुसा. उत्तर आलं तिसऱ्याच कंपनीकडून, दोन ओळींचं. एल्क व्हॅली नावाची कंपनी अस्तित्वात नाही, ट्रान्स-प्रेअरीही नाही, त्या काळातली कागदपत्रं उपलब्ध नाहीत. दोष देणारे विरघळून गेले होते. दोष मात्र राहिला होता.

तेव्हा ऑरिननं तेच पत्र तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आणलं, आपल्या सहीनिशी. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर त्या दोघांखेरीज कुणी बसलं नाही. गस मात्र उशिरा आला, धापा टाकत, आणि व्हर्नाच्या शेजारी धप्पदिशी बसला. “सरक जरा,” म्हणाला.

त्या आठवड्यात ऑरिननं तळघरात तारीख पुढे नेली. भोपळे उचलले. झाडं उघडी केली. पिठाच्या चाळणीनं पांढरी भुकटी भुरभुरवली, तसं हॉल्बीवर सोळा वर्षांनी बर्फ पडलं. माझ्या कुशीवरचं नाव त्यानं हिरव्या रंगानं पुसलं, घाईघाईनं, विलीनीकरणानंतर खऱ्या ४१२ वर पुसलं होतं तसंच, आणि वर ट्रान्स-प्रेअरीची अक्षरं ठोकली. मला दुखलं. तो म्हणाला, “माफ कर. तेव्हा असंच दिसत होतं.”

दुपार होती. व्हर्ना जिन्यावर उभी. मी निघालो, वळणं घेतली, स्टेशनाजवळ आलो. ब्रेक लागला.

ऑरिन गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा माझ्या खिडकीएवढ्या उंचीवर आला, खिडकीपेक्षा शंभरपट मोठा. त्यानं बोटानं ढकललं नाही.

“ड्यूएन,” तो म्हणाला, “पाइकला थांब. समोरून गाडी येतेय.”

माझ्या आत कोट सळसळला. ब्रेक सुटला.

मी पाइकपर्यंत गेलो. ऑरिनचा हात बटणांवर नव्हता. व्हर्नानं पाहिलंय ते. मी साइडिंगमध्ये शिरलो आणि थांबलो. शेजारच्या रुळावरून काहीही आलं नाही. पण बर्फाची भुकटी उडाली, लांबलचक, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जशी मालगाडी गेल्यावर उडते. ऑरिननं कपाळ लाकडाला टेकवलं आणि तो हुंदके देऊन रडला.

त्यानंतर मी कधी अडलो नाही. आयोनचं एक कार्ड नाताळात आलं. त्यावर मुलांची आणि तिची नावं होती, बाकी काही नाही. व्हर्नानं ते फ्रिजवर लावलं आणि उन्हाळ्यापर्यंत काढलं नाही.

दोघं आता नाहीत. तळघरातलं हॉल्बी तुकड्या-तुकड्यांनी उचललं गेलं. मी गावाच्या छोट्या संग्रहालयात आहे, काचेच्या पेटीत, दोन फूट रुळावर. लोक वाकून बघतात आणि विचारतात, याचं नाव असं बेंगरूळ का खोडलंय? कुणी म्हणतं, नवा रंग द्या की. देऊ नका, एवढीच विनंती.

आणि आणखी एक. तो अजून उतरलेला नाही. मला वाटलं होतं, पाइक ओलांडल्यावर उतरेल. पण तो बसून आहे, कोट घालून, निवांत. त्याचा मला त्रास नाही. फक्त दिवसातून एकदा, दुपारी खोली रिकामी असली की, तो पुढे वाकतो आणि मला विचारतो, “आपण आता कोणत्या कंपनीत आहोत रे?”

मागच्या तीस वर्षांत आणखी किती जणांनी किती जणांना गिळलं, मला या पेटीत कसं कळणार? तुम्ही बाहेर असता. तुम्हाला ठाऊक असेल, तर काचेजवळ या आणि हळू आवाजात सांगा. मला नको. त्याला सांगा.