पंचगंगेवरची माताजी

“सुनीती, ती इंग्रजी कादंबरी देवश्रीला देऊ नकोस,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. “आई, दीडशे वर्षांपूर्वीची साहेब-मेमची गोष्ट ती! तिची कसली भीती?” म्हणत मी ती तिला दिली.

देवश्री माझी नणंद. तिचा नवरा यंदाच्या पुरात गंगेत वाहून गेला, सापडलाच नाही. कादंबरीतली निळीची शेती करवणाऱ्या साहेबाची मुलगी अन्न सोडून नदीकाठी बसते आणि तिचा बुडालेला प्रियकर नावेतून परत येतो. आता देवश्रीही इथे काशीच्या पंचगंगा घाटावर तशीच बसली आहे.

“ताई, ते सगळं मनानं रचलेलं आहे हो,” मी परवा म्हटलं.

“तिनं निदान वाट तरी पाहिली, वहिनी. तुम्ही तेरावं उरकून मोकळे झालात.”

त्यानंतर ती बोललीच नाही. “माताजी मौन में हैं,” नाववाले यात्रेकरूंना सांगतात. लोक पाया पडतात, फुलं वाहतात. मी नेलेला खिचडीचा डबा तसाच परत येतो. बाळाला कडेवर घेऊन त्या उभ्या पायऱ्या मला दिवसातून एकदाच जमतात.

आज तिनं माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. तुम्ही घाटावर जाणार असाल तर तिला नुसते हात जोडून पुढे जाऊ नका. जवळ बसा, आणि तिचा श्वास चालू आहे ना, एवढं बघा.