जिंजर्ली चाला

भाजीच्या मळ्यात धुऱ्याच्या बांधावरून घसरून मनकर्णाबाईंचा घोटा मोडला, आणि अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अम्माजी, अब जिंजर्ली चलना." डॉक्टर केरळचे. हिंदी तुटकी, मध्येच इंग्रजी.

बडनेऱ्याला घरी पोचताच बाईंनी सुनेला हाक मारली. "दीपमाला, अद्रक आन वं. अद्रक खाऊन चाला म्हणून सांगतलं डॉक्टरनं."

जिंजर म्हणजे अद्रक हे दीपमालालाही ठाऊक होतं. मग चहात अद्रक, वरणात अद्रक, भाजीतही अद्रक. "पायात ताकद आली," म्हणत एका सकाळी बाई वॉकर न घेताच तरातरा मळ्यापर्यंत जाऊन आल्या. संध्याकाळी घोटा टरारून सुजला.

दीपमालानं घाबरून नणंदेला फोन लावला. प्राजक्ता अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली.

"वहिनी, त्या शब्दाचा अद्रकाशी काही संबंध नाही. जिंजर्ली म्हणजे जपून, दुखेल की काय असं बिचकत."

बाईंनी फोन ओढून घेतला. "मंग त्याच्यात जिंजर काहून घुसलं?"

हे प्राजक्तानं कधी पाहिलंच नव्हतं. शोधून तिनं परत फोन केला.

"आई, नक्की कोणालेच माहीत नाही. पण बहुतेक तो जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं त्याचा अर्थ नाजूक. आधी इंग्रजीत नाचताना डौलानं टाकलेल्या पावलाले जिंजर्ली म्हणत."

"म्हंजे आधी नखऱ्यानं चालनं, अन् आता भेऊन चालनं? असं कसं झालं?"

"दोन्हीकडं पाऊल हळूच पडते ना."

बाईंना ते पटलं, पण समाधान झालं नाही. "निस्तं चालाले म्हनतेत, का आनखी कशाले?"

"चुलीवरचा गरम गंज उचलताना म्हणतात. दुखरी जागा चाचपताना. एखाद्याच्या मनाले लागन असा विषय काढतानाही."

बाईंनी फोन खाली ठेवला. त्यांची जीभ साऱ्या गल्लीला माहीत होती.

जेवणं झाल्यावर दीपमाला त्यांच्या पायाखाली उशी देत होती. धामणगावच्या तिच्या माहेराशी तिचं बोलणं दिवाळीपासून बंद होतं, आणि बाईंनी त्यावरून तिला बरेचदा टोमणे मारले होते. आज त्यांनी आवाज खाली आणला.

"पोरी, एक पुसू? नसन सांगाचं तं नोको सांगू."

दीपमालानं चमकून वर पाहिलं.

"तुह्या बाबाची याद येते का तुले?"

तिनं उशी नीट केली. बाईंनी पुढं रेटलं नाही. मग दीपमाला खाटेच्या कडेला टेकली आणि दिवाळीत भावाशी झालेलं भांडण पहिल्यापासून सांगू लागली. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

सकाळी तिनं आपणहून धामणगावला फोन लावला. वडिलांनी पहिल्याच रिंगला उचलला.