पाण्यात वजन लागत नाही

"आकडा जरा मोठ्यानं सांगा हं, आमच्या अक्कांना कमी ऐकू येतं," मी मशीनवरच्या पोरीला म्हटलं. धादांत खोटं! गोठ्यात म्हैस रेकली तर आपली की शेजारची, ते अक्कांना माजघरातून कळतं. मला सगळ्या हॉलला ऐकवायचं होतं, बस्स.

उचगावात महिला मंडळानं हाडं तपासायचं शिबिर ठेवलं होतं. अक्का म्हणजे तानाबाई, माझी थोरली जाऊ, वय सहासष्ट. यायला तयारच नव्हती. मी कोल्हापुरातून मुद्दाम रिक्षा करून आले आणि तिला ओढत नेलं. सासू होती तोवर तिच्या तोंडी एकच जप, "ताना हाय म्हणून घर हाय." मी शाळेत क्लार्क, पण कौतुक सगळं डोक्यावर वैरणीचे भारे वाहणारीचं. जळायचे मी, उगाच कशाला लपवू? त्या इरेलाच पडून पोहायला लागले. वीस वर्षं रोज सकाळी टँक, ज्येष्ठांच्या स्पर्धांतली अकरा पदकं. सासूनं एकही हातात धरून पाहिलं नाही. आता सासू नव्हती, पण गाव होतं की.

हाडं टाचेवरून मोजत होते. आधी माझी टाच मशीनमध्ये. पोरीनं कागद पाहिला आणि मी सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाली, "काकू, तुमची हाडं ठिसूळ व्हायला लागल्यात. जपा."

मग अक्काची टाच. "आज्जी, तुमची एकदम झकास! चाळिशीतल्या बाईसारखी."

"तानाक्का, वैरण पावली की गं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तडक डॉक्टरांच्या टेबलाशी. "अहो, मी वीस वर्षं पोहतोय. हिनं जन्मात व्यायाम केला न्हाई!"

"भारे वाहिले ना त्यांनी? तोच व्यायाम," डॉक्टर म्हणाले. "पोहणं हृदयाला उत्तम, सोडू नका. पण पाणी तुमचं वजन स्वतः पेलतं. हाडाला भार लागतो. भार पडला की ते भक्कम होतं, नाही पडला की झिजत जातं. चाला, जिने चढा, झेपेल तेवढं वजन उचला. आणि मोठ्या मशीनवर पक्की तपासणी करून घ्या."

म्हणजे इथंही तीच पहिली. सासू वर बसून हसत असणार. मी चपला घातल्या आणि अक्काची वाट न बघता हॉलच्या तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर आले.

ती येईना. वळून पाहिलं तर कठडा धरून, आडवं पाऊल टाकत उतरू बघत होती.

"काय झालं?"

"गुडघं. चार वर्सं झाली. हाडं ऱ्हायली, गुडघं गेलं."

"बोलला न्हाईसा कधी?"

"कुणाला बोलू? ताना हाय म्हणून घर हाय न्हवं?" सासूचाच हेल तिनं हुबेहूब काढला. मला वाटायचं, हे वाक्य तिला गोड लागतं.

एक पायरी उतरून ती थांबली. "संयोगिता, डॉक्टर म्हणालं, पाण्यात वजन लागत न्हाई. खरं हाय?"

"व्हय."

"अजाबात?"

"उताणं पडलं की काईच कळत न्हाई, अक्का."

तिनं मान हलवली. "तू पदकं आणायचीस तवा माझी लई आग व्हायची बघ. पदकांची न्हवं. तासभर तुला कोण हाक मारायचं न्हाई, त्याची."

इतकी वर्षं हे ऐकायला मी आसुसले होते, तिनं माझ्यावर जळावं म्हणून. आता ऐकलं, तर गोड लागेना.

"ऐतवारी बायकांची बॅच असती," मी म्हटलं. "न्यायला येतो."

"आदी हितनं तर उतरव."

मी हात पुढं केला. शेवटच्या पायरीवर तिचं सगळं वजन माझ्या मनगटावर आलं. दुखलं. मी हात काढला नाही.