दहा मोजेपर्यंत

दोन दिवस धुकं उठलं नव्हतं. गॅरेजचं शटर वर केलं की ते सरळ आत यायचं, लेकीच्या गाडीभोवती घुटमळायचं, आणि मला वाटायचं, आपण अजून अंथरुणातच आहोत. त्या हिवाळ्यात बरंच काही तसंच वाटत होतं. पाना हातात असायचा, पण हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. झोप पुरत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. वय झालं असं मी कुणालाच सांगत नाही.

बाळ झाल्यापासून पाच महिने लेक माझ्याकडेच होती. रोज सकाळी मी नातीचे तळवे हातात धरायचो आणि निकाल द्यायचो, "गरम आहेत. मोजे नकोत हिला." नातीला मी ठमी म्हणतो. आज दुपारी त्या दोघी निघणार होत्या. पाच तासांचा घाटरस्ता, आणि गाडीचा हीटर गार वारा फेकत होता.

"बाबा, मशीन लावून बघायचं का? कोपऱ्यावरच्या गॅरेजात आहे," लेक म्हणाली. ठमीला खांद्यावर टाकून ती दारात उभी होती.

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं मी गाड्या हातानं ओळखतोय आणि घरचीच माणसं मला मशीन सुचवतात. "त्या कोपऱ्यावरच्याला इंजिन कुठल्या बाजूला असतं तेवढं आधी विचारून ये," मी म्हणालो. ती हसली. माझी बडबड तिला पाठ आहे.

हीटरचं गणित साधं असतं. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी पाइपातून डॅशबोर्डामागच्या लहानशा जाळीत जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. पंखा त्या जाळीतून वारा ढकलतो. मी इंजिन तापू दिलं आणि उस्तादांनी शिकवलं होतं तसा पाइप मुठीत धरला. तीनच्या आत हात सुटला तर पाणी कडकडीत. दहा मोजेपर्यंत धरवला तर कोमट. पहिला पाइप दहापर्यंत धरवला. दुसराही.

"दोन्ही कोमट. इंजिन तापतच नाहीये. पाणी तापेपर्यंत अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय."

"पण तापमानाचा काटा तर मधोमध आहे," लेक गाडीतून म्हणाली.

"काटा खोटं बोलतो. हात नाही बोलत."

हे ती शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलीय.

इंजिन निवेपर्यंत थांबलो, पाणी काढलं, नवा थर्मोस्टॅट बसवला, पाणी भरलं. दोन तास गेले, पण कसे ते विचारू नका. धुक्यात रस्त्याचा आवाजही येत नव्हता. लेक ठमीला काहीतरी गुणगुणत होती आणि मध्येच मला वाटलं, हिची आईच आत आहे, आता जेवायला हाक मारेल. हातातला नट तिसऱ्यांदा निसटला तेव्हा मी भानावर आलो. त्या नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

गाडी सुरू केली. काटा मधोमध आला. हीटर लावला. वारा गारच.

मी पुन्हा पाइप धरला आणि मोजायला लागलो. पाच. सहा.

"बाबा, सोडा ते."

"सात."

तिनं माझं मनगट धरून हात ओढून काढला. तळहातावर बटणाएवढा फोड आला होता. त्याच्या शेजारी सकाळचा एक होता, फुटलेला. मी दोन्ही पहिल्यांदाच पाहत होतो. दुखत काहीच नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?" मी खेकसायला गेलो, पण आवाज चढलाच नाही. "थंडी पडली तेव्हापासून असेल. मला वाटलं, थंडीनंच."

ती माझ्या हातावर गार पाणी ओतत राहिली. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज. हातच गेले तर माझ्याकडे उरलं काय?

मग तिनं ठमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाह्या वर केल्या. "मोजा," ती म्हणाली.

मी मोजायला लागलो. "एक, दो..."

तिचा हात झटक्यात मागे आला. "हा भाजतोय." दुसरा तिनं पंधरापर्यंत धरला. "आणि हा गार आहे."

"म्हणजे जाळी तुंबलीय," मी म्हणालो. "पाणी आत जातं, पुढे सरकत नाही. इंजिन बंद कर, निवू दे."

पुढचं सगळं मी बाकावर बसून सांगितलं आणि तिनं केलं. क्लिपा काढल्या, बागेच्या नळीचं पाणी जाळीत उलट्या बाजूनं सोडलं. आधी चहासारखं तांबडं गढूळ आलं, मग गाळ, मग स्वच्छ. पाइप जोडले, पाणी भरून हवा काढली, इंजिन तापवलं.

मी सवयीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. वाकून गाल वाऱ्यासमोर धरला. ऊब लागली. माझा जीव भांड्यात पडला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "मी संध्याकाळी फोन करणार आहे."

"जातो," मी म्हणालो. इतक्या लवकर ऐकलेलं पाहून ती माझ्याकडे बघतच राहिली.

निघायच्या वेळी ठमीला तिच्या सीटवर बसवलं. रोजच्यासारखे मी तळवे धरायला गेलो, थांबलो, आणि ते गालाला लावले. चांगलेच गार होते.

"हिला मोजे घाल गं," मी म्हणालो. "सगळा हिवाळा मी गरम म्हणत आलो."

लेकीनं पिशवीतून मोजे काढले. धुऊन धुऊन विटलेले, इलॅस्टिक सैल पडलेले.

"तुमची पाठ वळली की रोज घालत होते, बाबा."