दोम्लांची कादंबरी आणि माझी तोटी

मी बुखाऱ्याची चहादाणी बोलतेय. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण सारा जन्म इतिहासाच्या मास्तरांच्या, आमच्या भाषेत दोम्लांच्या, मेजावर गेला. म्हणजे अर्धी शिकलेलीच की!

भट्टीतून निघाले तेव्हा गोरीपान होते, अंगभर निळी फुलं. इस्मतुल्ला दोम्लांच्या लग्नात या घरी आले. पुढे तोटी फुटली, कारागिरानं पितळेची बसवली. तेव्हापासून माझी धार माझ्या मर्जीनं. बड्याबड्यांचे अंगरखे भिजवलेत मी!

निवृत्त झाल्यावर दोम्ला कादंबरी लिहायला बसले. तिच्यात जुन्या काळी बुखाऱ्यावर राज्य करणाऱ्या अमिराचा करवसुलीवाला एका कुंभारणीच्या घरात ठाण मांडून बसलाय. ती त्याला काय म्हणाली? इथंच गाडं अडलं.

"दफ्तरात तसा जुना कागद सापडत नाही," दोम्ला कण्हायचे.

"अहो, बाई काय बोलली ते कागदाला काय कळतंय? मला विचारा!" त्यांची बायको होसियतबाई म्हणायच्या.

त्यात दफ्तरखान्यातला जुना दोस्त बोकीजान रोज यायचा, हलवा चापायचा आणि विचारायचा, "पुरावा?" की दोम्लांनी पान फाडलंच. शेवटी एकच पान उरलं. तेही गेलं तर लिहिणं सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या दुपारी बोकीजाननं त्या पानाकडे हात नेला. दोम्ला चहा ओतत होते. मी सोडली धार, बोकीजानचा प्याला काठोकाठ! आमच्याकडे पाहुण्याचा प्याला अर्धाच भरतात. काठोकाठ भरला, की पाहुण्यानं उठायचं.

बोकीजान लालबुंद. "मला हाकलतोस?"

"अरे, तोटी ढिली आहे रे!"

"तोटीवर ढकलू नकोस!" मुठीत हलवा घेऊन तो तरातरा निघून गेला.

दोम्ला प्याल्याकडे बघत राहिले. मग झटकन लिहिलं: कुंभारीण एक शब्द बोलली नाही. तिनं वसुलीवाल्याचा प्याला काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी फुगलेल्या गालांनी बोकीजान आला. दोम्लांनी वाचून दाखवलं. हात पानावर, फाडायच्या तयारीत.

बोकीजाननं दाढी खाजवली. "मग? मेला वसुलीवाला उठला का?"

"पुढचं लिहायचंय अजून."

"मग माझं तोंड काय बघतोस? लिही!"

आता कागदांची चळत माझ्याहून उंच झालीय. माझं झाकण तडकलंय. होसियतबाई नवी चहादाणी आणायचं म्हणताहेत. बाई, एवढ्यात मला फळीवर टाकू नका. पुढच्या प्रकरणात कुंभारणीच्या लेकीचं लग्न आहे, आणि आमच्या दोम्लांना लग्नातलं ओ की ठो कळत नाही!