रिकाम्या खुर्चीची चार मिनिटं

स्वरदाने रिकाम्या खुर्चीचा शॉट निवडला आणि डिलीट दाबलं. चौऱ्याण्णव मिनिटांचा सिनेमा नव्वदवर आला. तिने हुश्श केलं.

सिनेमाच्या दिग्दर्शकाचं, मिखासचं, आणि कात्रीचं हाडवैर होतं. पात्र फ्रेममधून निघून गेलं तरी त्याचा कॅमेरा तिथेच रेंगाळायचा, पाहुणे गेल्यावरही दारात उभ्या राहिलेल्या यजमानासारखा. बेलारूसमध्ये त्याच्या सिनेमांवर बंदी आली, अटक टाळायला तो बायकोला घेऊन निसटला आणि पाच वर्षांपूर्वी दूर परदेशी, क्लेटन उपनगरातल्या या छोट्या घरात येऊन पडला. तरी खोड काही गेली नाही. आता तो अठ्ठ्याहत्तरचा होता. आलेना, त्याची बायको, गेल्या वर्षी वारली. तिच्यावरचा हा सिनेमा लिथुएनियातल्या एका महोत्सवाने मागवला होता. बेलारूसमधून सीमा ओलांडून त्याची धाकटी बहीण तो बघायला येणार होती. अट एवढीच, की नव्वद मिनिटांच्या वर एक सेकंद नको. मुदत आज पाचपर्यंत.

"तूच काप," तो संकलन करणाऱ्या स्वरदाला म्हणाला होता. "माझ्याने नाही होणार."

आता तो चहाचे दोन कप घेऊन आला.

"कुठून काढलंस?"

"शेवटून. आलेना स्वयंपाकघरातून उठून जाते ना, तिथेच संपवलं. पुढे नुसती खुर्चीच होती."

"आवाज ऐकलास?"

"नाही. काही घडतच नव्हतं, म्हणून म्यूट केला होता."

त्याने कप टेबलावर ठेवले. मग हेडफोन तिच्याकडे सरकवले. स्वरदाने तो तुकडा परत आणला आणि ऐकू लागली. फ्रिजची घरघर. बाहेर मॅगपाय पक्ष्यांचा आवाज. मग अगदी जवळून, माईकला खेटून, कुणाचा तरी श्वास. दाबलेला खोकला.

"माझ्या सेटवर एक रीत होती," मिखास म्हणाला. "फ्रेममधून बाहेर पडलेल्याने निघून जायचं नाही. मागून वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभं राहायचं, मी कट म्हणेपर्यंत. आलेनाही तशीच येऊन उभी राहिली. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी तिच्या आजाराचं सगळं सांगितलं होतं. मला कट म्हणवेना."

स्वरदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी. मी हे परत जोडते. चार मिनिटं दुसरीकडून काढू."

"दुसरीकडे तरी कोण आहे? तिथेही आलेनाच."

घड्याळात साडेचार वाजले होते.

"आम्ही निघाल्यापासून बहिणीने तिला पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "तिला आलेना दिसू दे. नव्वदच पाठव."

स्वरदाने फाइल पाठवली. ती गेल्याची खूण आली. मग मिखासने हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटून ती चार मिनिटं पूर्ण ऐकली.

"हा तुकडा मला वेगळा करून दे," तो म्हणाला. "शेवटी मी कट म्हणतो, तेवढं मात्र कापून टाक."