सतरा तारखेचा मुक्काम

सतरा डिसेंबर आमच्या घरी चोवीस नोव्हेंबरलाच राहायला आली. मंगळवार होता. मी पोस्टातून येऊन दारात चपला काढत होते, तर ही सोफ्यावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. चाळिशीची बाई, कडक इस्त्रीची जांभळी साडी, अंबाड्यावर गजरा. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पण नऊ वर्षं मी काउंटरवर बसण्याआधी शिक्क्यातली तारीख बदलते आहे. तारीख समोर आली की मला ओळखू येते.

"लवकर आलात," मी म्हटलं.

"बोलावणं आलं," ती म्हणाली. "मग घरी बसून काय करायचं?"

बोलावणं सासूबाईंनी केलं होतं. मला आठवा संपत आला होता. पहिल्या वेळी सिझेरियन झालेलं, तेव्हा या वेळीही तेच करायचं हे त्यांनी धरून चाललेलं. पोट कापायचंच आहे तर निदान चांगल्या वेळेला कापू द्या, म्हणून त्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी सतरा डिसेंबर दिली. मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. सासूबाईंनी घरी येऊन कॅलेंडरवरच्या सतराच्या चौकोनाला हळदकुंकू लावलं, चार अक्षता वाहिल्या, आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं म्हणाल्या, "नक्की यायचं हं."

आता एवढ्या अगत्यानं कोण बोलावतं हो तारखेला? आली बिचारी.

मला मात्र या वेळी स्वतः प्रयत्न करून बघायचा होता. केतकी माझी मोठी, चार वर्षांची. ती पायाळू होती, पाय खाली आणि डोकं वर. तेव्हा धावपळीत मला पूर्ण भूल देऊन तिला काढली. मी शुद्धीवर आले तोवर केतकीला नऊ जणांनी पाहिलं होतं. मी दहावी. आजही गल्लीतली माणसं कंबरेत उसण भरली की पायाळूची लाथ खायला आमच्या दारात येतात, आणि ती पोरगी खुशाल लाथ घालते. सगळ्यांना तिच्या जन्माचं कौतुक. मलाच तो माहीत नाही. हे मी कुणाला बोलले की लोक म्हणतात, पोर धडधाकट आहे ना, मग झालं तर.

सतरा जिथे बसायची तिथे सकाळचे अकरा बेचाळीस वाजायचे. हॉलमधलं घड्याळ तिथेच थांबलं. खिडकीतून अकरा बेचाळीसचं ऊन आत यायचं आणि फरशीवर एकाच जागी पडून राहायचं, संध्याकाळी सातलासुद्धा. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात शिक्क्यात पंचवीस लावली आणि वहीत पहिला ठसा उठवला, तर सतरा डिसेंबर. पुसून पुन्हा लावली. पुन्हा सतरा. आमचे पोस्टमास्तर बागवान साहेब चष्मा वर करून वहीत बराच वेळ बघत राहिले.

"तुमची रजा कधीपासून?"

"पाच तारखेपासून."

"आजपासूनच घ्या," ते म्हणाले. "आमच्याकडे बाकीच्या तारखाही लागतात."

अशी मी घरी बसले.

मुजावर मॅडमकडे तपासणीला गेले तेव्हा सतरा पिशवी घेऊन बरोबर आली. सासूबाई होत्या, माझा नवरा विक्रांत होता. मॅडमच्या टेबलावरचं घड्याळ अकरा बेचाळीसला थांबलं. त्यांनी सतराकडे पाहिलं.

"या कोण?"

"सतरा डिसेंबर," मी म्हटलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या आणि फाइल उघडली. "मागचा छेद आडवा आहे, खालच्या बाजूला. तेव्हाचं कारण बाळ पायाळू होतं, या वेळी डोकं खाली आहे. तेव्हा नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर जणींना जमतं. आतला टाका सुटायची भीती साधारण दोनशेत एकीला. पण ती एक असते, हे मी लपवणार नाही. तसं वाटलं तर काही मिनिटांत ऑपरेशनला घ्यावं लागेल. कळा आपणहून आल्या पाहिजेत, मी औषध देऊन सुरू करणार नाही. आणि ठरवून सिझेरियन करायचं तर तेही चांगलंच. त्याचेही धोके आहेत, ते या कागदावर आहेत."

"मग तुम्हीच सांगा ना काय करायचं," विक्रांत म्हणाला.

"मी दोन्हीला तयार आहे. पोट यांचं आहे."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. सतरानेही. विक्रांत माझ्याकडे बघून मान डोलवायचा, मग आईकडे बघून डोलवायचा. देवळातल्या घंटेसारखा नुसता हलत होता माणूस. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, कारण घाबरला की तो असाच होतो.

त्या दिवसापासून सतरा घरभर पसरायला लागली. स्वयंपाकघरात बसून ती मेथी निवडायची, तर ओट्यावर अकरा बेचाळीस. आमच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायची, तर तिथेही तेच. आम्ही त्या उन्हात डोळ्यांवर ओढणी टाकून झोपायचो. केतकीला वाटायचं शाळेची वेळ झाली, ती मध्येच उठून दप्तर भरायची. डिसेंबरच्या आठ तारखेपर्यंत घरात खरी वेळ फक्त मागच्या गॅलरीत उरली, जिथे वॉशिंग मशीन आणि तुळस आहे. मी तिथे खुर्ची टाकली.

तिथेच मला बाकीच्या तारखा भेटल्या. त्या मागच्या जिन्याने यायच्या, एका दिवशी एक. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. सकाळी सहा-सात वर्षांच्या पोरी असायच्या, विस्कटलेल्या केसांच्या. दुपारी जेवणवेळेला माझ्या वयाच्या व्हायच्या. दिवेलागणीला कंबरेवर हात ठेवून जिना उतरताना म्हाताऱ्या. नऊ आली, दहा आली, अकरा आली. मी प्रत्येकीला विचारायची, "तू का गं?"

"नाही बाई, मी नाही," त्या म्हणायच्या आणि तुळशीला पाणी घालून जायच्या.

सतरा म्हातारी व्हायची नाही. तिची इस्त्रीसुद्धा मोडायची नाही. एकदा ती गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिच्या पायाशी ऊन आलं.

"ताई, मी तुमच्या वाईटावर नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे सगळं तयार आहे. भूल देणारे डॉक्टर, रक्ताची पिशवी, वेळ. दुखणार नाही. निदान तेव्हा तरी नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्ही आला नाहीत तर मी नुसता गुरुवार होईन."

खोटं कशाला सांगू, तिच्या हाती स्वतःला देऊन टाकावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. आतला टाका रात्रंदिवस माझ्या डोक्यात होता. बाळ जरा जोरात वळलं तरी मी टाक्यावर हात ठेवून बघायची. दोनशेतली ती एक बाई कशी दिसत असेल, याचा मी विचार करायची, आणि ती दर वेळी माझ्यासारखीच दिसायची. मागे केतकीला ठेवून जायचं, या विचारानं मी मध्येच उठून तिचं पांघरूण नीट करायची.

तेरा तारखेला, रविवारी दुपारी, सासूबाई गॅलरीत आल्या. पिढं घेऊन माझ्या पायाशी बसल्या. त्या कधी अशा बसत नाहीत.

"वैजू, तुला वाटत असेल मी मुहूर्ताचं खूळ घेतलंय."

मी खुर्ची जरा मागे सरकवून त्यांना जागा केली.

"माझी थोरली बहीण, शेवंता. दोन दिवस कळा देत होती. हा म्हणे थांबू, तो म्हणे गाडी बघू, तिसरा म्हणे उद्या बघू. कुणी काही ठरवलंच नाही गं. तिला तर कुणी विचारलंही नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हणून मला ठरलेलं बरं वाटतं. ठरलेलं असलं की माणूस वाचतं असं वाटतं."

त्यांचा हात माझ्या घोट्यावर होता. सुजलेला माझा घोटा त्या दाबत होत्या. इतकी वर्षं मी या बाईला हट्टी समजत होते, आणि ती नुसती भ्यालेली होती. मलाही रडू आलं. आम्ही दोघी वॉशिंग मशीनजवळ बसून चांगल्या रडलो.

"आई," मी म्हटलं, "मी ठरवलंय. कळा आपणहून आल्या तर मी प्रयत्न करणार. हॉस्पिटलमध्येच, मॅडमसमोर. त्या म्हणाल्या थांबा, की मी थांबेन. लगेच कापा म्हणेन. सतरापर्यंत आल्याच नाहीत, तर सतरा आहेच."

सासूबाईंनी मागे वळून घरातल्या उन्हाकडे पाहिलं.

"आणि आधी आल्या तर हिला काय सांगू? मी बोलावलंय तिला."

"तिलाही बरोबर घेऊ."

चौदा डिसेंबर सोमवारी पहाटे मागच्या जिन्याने आली. एका पायात चप्पल, फ्रॉकचं बटण तुटलेलं, धापा टाकत. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी वाटतं," आणि माझ्या कंबरेतून पहिली कळ पुढे आली.

गाडीत विक्रांतशेजारी पुढे सतरा बसली, मांडीवर पिशवी घेऊन. मागे मी, सासूबाई आणि मधे चौदा. केतकीला शेजारच्या काकूंकडे ठेवली. तिला गाडीत बसवून घेतलं नाही म्हणून ती रागावली आणि निघताना माझ्या पाठीत हळूच एक लाथ घातली. खरं सांगते, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पुलावर पोचेपर्यंत चौदाचा फ्रॉक जाऊन परकर-पोलकं आलं होतं.

लेबर रूमच्या दारात सिस्टरनं अडवलं.

"आत एकच बाई."

दारात तिघी उभ्या होत्या. सासूबाई, सतरा आणि चौदा. सिस्टर पेन घेऊन माझ्याकडे बघत राहिली. कळ येऊन गेली तेव्हा मी चौदाकडे बोट दाखवलं.

सतरानं काही त्रागा केला नाही. बाहेरच्या बाकावर बसली, पिशवी नीट मांडीवर घेतली. "मी इथेच आहे," म्हणाली. "लागलं तर हाक मारा."

सासूबाईंनी स्वतःच्या कपाळाचं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि चौदाच्या कपाळाला टेकवलं. हळद नव्हती, अक्षता नव्हत्या. "ये गं बाई," त्या म्हणाल्या. "तुला बोलवायचं राहून गेलं. आता आलीच आहेस तर सांभाळ हिला." मग त्या जाऊन सतराशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

दुपारपर्यंत चौदा माझ्या वयाची झाली. ती माझी कंबर दाबायची, पाणी पाजायची, "शाबास गं," म्हणायची. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र सारखं टकटकत होतं. मुजावर मॅडम दर थोड्या वेळानं येऊन टाक्यावर हात ठेवायच्या, "कळ नसताना इथे दुखतंय?" विचारायच्या. मी नाही म्हणायची. खरंच नाही ना, हे स्वतःलाही विचारायची. तीन वाजता चौदाच्या कानामागे पांढरे केस दिसले. पाच वाजता तिच्या हाताच्या शिरा वर आल्या. माझ्या तोंडून असे आवाज येत होते, जे मी जन्मात ऐकले नव्हते.

"तू कधीपर्यंत आहेस?" मी तिला विचारलं.

"अंधार पडल्यावरही थोडी असते मी," ती म्हणाली. "फक्त वाकलेली असते."

सहा वाजले. बाहेर दिवे लागले. मॅडम माझ्या पायाशी बसल्या आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "डोकं दिसतंय, वैजयंती. ठोके जरा कमी झालेत. पुढच्या कळेला सगळा जोर लाव. मग मी बघते काय करायचं ते."

"काय करायचं म्हणजे?" मी विचारलं.

"आधी जोर."

दाराच्या खालच्या फटीतून ऊन आलं. अकरा बेचाळीसचं, पांढरं, स्वच्छ. ते फरशीवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. बाहेर बाक करकरला. बांगड्या वाजल्या. सतरा उठली होती.

कळ यायला लागली. मी चौदाचा हात धरला. तो आता पार म्हातारा हात होता, हलका आणि थरथरता, पण त्याने माझा हात सोडला नाही. मी डोळे उघडेच ठेवले. या वेळी पहिली मीच बघणार होते.

मी जोर लावला.